पाण्यात न विरघळणारं आगरोधक रसायन सोफा-टीव्हीतून पाणकावळ्याच्या अंड्यात जातं कसं?

तुम्ही विचारलंय की ही रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, मग नदीवाटे पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत पोहोचतात कशी. अहो, विरघळत नाहीत म्हणूनच तर पोहोचतात.

मी बेळगावात टीव्ही-मॉनिटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं हा माल रोज हाताखालून जातो. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीचं मागचं काळं कव्हर सहसा पेट घेत नाही. ज्योत धरली तोवर वितळतं, ज्योत काढली की विझतं. (करून बघू नका, धूर फार वाईट.) ही करामत ब्रोमीनची, तापलं की ते सुटतं आणि जळण्याची साखळी तोडतं. अशा ब्रोमीनवाल्या आगरोधकांतला बदनाम गट म्हणजे पीबीडीई. अशा प्लास्टिकमध्ये वजनाच्या दहा-पंधरा टक्के तो घातलेला असायचा, सोफ्याच्या फोममध्येही असायचा. गोम अशी की तो प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेला नसतो, नुसता मिसळलेला असतो. सेट वर्षानुवर्षं तापतो, प्लास्टिक झिजतं, तसा तो बाहेर पडून धुळीला चिकटतो. म्हणून जुना सेट उघडला की आतली काळी धूळ मी ओल्या फडक्यानं पुसतो, ब्लोअर मारत नाही.

घराघरातली ही धूळ फरशीच्या पाण्याबरोबर गटारात जाते. आमच्याकडं गटाराचं पाणी बळ्ळारी नाल्यात, तिथून मार्कंडेय नदीत आणि पुढं गोकाकच्या बाजूला घटप्रभेत. वाटेत हे रसायन पाण्यात थांबत नाही, गाळाला धरून बसतं. त्यामुळं नुसतं पाणी तपासून त्याचा माग लागत नाही. गाळात अळ्या-किडे चरतात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मरळ, आणि मासे पाणकावळ्याच्या पोटात. प्रत्येक पायरीला खाल्लेलं मांस पचून जातं, पाण्यात विरघळणारी घाण लघवीवाटे निघून जाते. हे मात्र चरबीत मुरतं आणि तिथंच राहतं. माशानं जन्मभर साठवलेलं पक्षी एका घासात घेतो, आणि असे घास तो रोज घेतो. अंडं धरताना मादीची चरबी बलकात उतरते, तिच्याबरोबर हेही उतरतं.

माणूस याला अपवाद नाही. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेले आईच्या दुधाचे नमुने तपासले, तर 1972 ते 1997 या काळात पीबीडीईचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं दिसलं. त्याच काळात पीसीबीसारखी (सर्किट बोर्ड नव्हे, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं रसायन) जुनी विषं उतरत होती.

पीबीडीईच्या डेका नावाच्या प्रकाराबद्दल उद्योगवाल्यांचं म्हणणं असायचं, रेणू एवढा मोठा आहे की शरीरात शिरणारच नाही. तो स्वीडनमधल्याच बहिरी ससाण्याच्या अंड्यांत सापडला. शिवाय उन्हात आणि शरीरात त्याचे ब्रोमीन गळतात आणि लहान रेणू तयार होतात, जे आणखी सहज साचतात. म्हणजे 'मोठा आहे, काळजी नको' ही निव्वळ थाप ठरली. अमेरिकन केस्ट्रल या छोट्या ससाण्यांना पेंटा या पीबीडीईच्याच दुसऱ्या प्रकाराचं मिश्रण दिलं, तर अंड्यांची कवचं पातळ झाली. या रेणूंची ठेवण थायरॉईडच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती, त्यामुळं तिथंही ढवळाढवळ होते.

पेंटा आणि ऑक्टा हे प्रकार 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या (चिवट विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आले, डेका 2017 मध्ये. भारतानं पेंटा-ऑक्टावर 2018 च्या नियमांत बंदी घातली. पण बंदी नव्या मालाला हो! जुने सेट अजून माळ्यावर आणि भंगारात पडून आहेत. तांब्यासाठी नाल्याकाठी वायरी आणि कव्हरं जाळतात तो प्रकार तर सगळ्यात घातक, कारण ब्रोमीनवाल्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं बनतात. तुमचा जुना टीव्ही किलोवर विकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. आणि नदीची मासळी खात असाल तर मोठ्या मरळीपेक्षा लहान मासे बरे, पोटाकडची चरबी काढून.