उणे 40 मध्ये ऑफ ग्रिड घर: बॅटरीचं नंतर, आधी भिंतींचं बघा

तुम्ही विचारलंय की परदेशात उत्तरेकडे जमीन घेऊन ऑफ ग्रिड, म्हणजे सरकारी विजेच्या जोडणीशिवाय चालणारं, घर बांधायचं तर 5 किलोवॉटचे सोलर पॅनल आणि किती बॅटरी लागतील. मी इकडे उत्तरेत राहायला येताना अगदी हेच विचारत होतो, म्हणून सांगतो, प्रश्न उलट्या टोकाने धरलाय.

साधा हिशोब करा. समजा आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या दर अंशाला घरातून 100 वॉट उष्णता बाहेर जाते. आत 20, बाहेर उणे 40, म्हणजे फरक 60 अंशांचा, म्हणजे सतत 6 किलोवॉट, दिवसाला 144 युनिट. आणि 60 अक्षांशाच्या आसपास डिसेंबरात तुमचे ते 5 किलोवॉटचे पॅनल दिवसाला दोन-तीन युनिट देतील, ढगाळ असेल तर तेही विसरा. म्हणजे सोलर फक्त दिवे, पंप आणि लॅपटॉपसाठी, घर तापवायचं ते लाकडावरच. चांगल्या स्टोव्हमध्ये एक किलो सुकं लाकूड साधारण 3 युनिट उष्णता देतं, म्हणजे रोज 48 किलो लाकूड फोडा, वाहा, जाळा, राख काढा. गळती निम्मी केली तर 24 किलो. आता तुम्हीच सांगा पैसे कुठे घालायचे!

हे काही नवीन नाही, कॅनडात रेजायनाला 1977 मध्येच जाड इन्सुलेशनचं (भिंती-छतात भरलेला, उष्णता अडवणारा थर), हवाबंद घर बांधून दाखवलं होतं, तेही घर तापवायच्या नेहमीच्या भट्टीशिवाय.

पण हवाबंद म्हणजे खरंच हवाबंद, आणि इथेच मी माती खाल्ली. व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारं प्लास्टिक, इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूला लागतं, आणि मी ते नीट लावलंही होतं, फक्त छतातल्या दिव्यांच्या बॉक्सभोवती टेप मारायचा कंटाळा केला. मार्चमध्ये छत गळायला लागलं. मी वेड्यासारखा वर चढून पत्रे तपासतोय, पत्रे ठणठणीत. ती आमचीच वाफ होती हो, श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची, हिवाळाभर त्या फटींतून वर जाऊन बर्फ होऊन बसलेली, ऊन वाढल्यावर वितळली. अर्धं इन्सुलेशन काढून फेकलं.

हवाबंद केलं की ताजी हवा यंत्राने आत घ्यावी लागते, त्यासाठी हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर, बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देतो. घेताना डीफ्रॉस्टची, म्हणजे आत साठलेला बर्फ वितळवायची, सोय विचारा, नाहीतर त्याचाच गाभा गोठतो. स्टोव्हलाही हवा बाहेरून वेगळ्या पाइपने द्या.

आता बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची खराब होते, त्यामुळे तिला घराच्या आत उबेत जागा द्या, बाहेरच्या शेडमध्ये अजिबात नको. पॅनल उभे लावा, बर्फ साठत नाही, सूर्य तसाही क्षितिजाला चिकटूनच असतो, आणि जमिनीवरच्या बर्फावरून परावर्तित झालेला उजेडही मिळतो. एक गंमत म्हणजे थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, उणे 40 ला लेबलवरच्या आकड्यापेक्षा वीसेक टक्के जास्त धरा, नाहीतर चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधलं चार्जिंग सांभाळणारं यंत्र, जळतो. आणि प्रोपेनच्या भरवशावर राहू नका, ते उणे 42 ला उकळतं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत, नेमकं हवं तेव्हाच, बाहेरच्या टाकीतून गॅस येत नाही.

पाया तिथली जमीन बघून ठरवा. खाली कायम गोठलेली जमीन असेल तर घराच्या उबेने ती वितळून घर खचतं, म्हणून खांबांवर उचलून बांधतात आणि खालून वारा खेळता ठेवतात.

जमीन लगेच घेऊ नका. आधी एक अख्खा हिवाळा तिकडे लाकडावर चालणाऱ्या भाड्याच्या घरात काढा, जानेवारीत रात्री तीनला उठून स्टोव्ह भरा. जोडीदारालाही भरायला लावा. मग नकाशा काढायला बसा, आणि काढलात की भिंतीच्या छेदाचं, म्हणजे आतल्या थरांचं, चित्र इथे टाका, बघून सांगतो.