किल्लारीच्या भूकंप स्मृतिस्तंभाला जाताना मदत म्हणून काय न्यावं?

तुम्ही नोकरीनिमित्त सोलापुरात नवीन आहात, किल्लारीला जाऊन यायचं म्हणताय आणि सोबत काय मदत न्यावी, असं विचारलंय.

आधी रस्ता. हैदराबाद रोडनं नळदुर्ग, उमरगा, आणि तिथून लातूरच्या रस्त्याला लागायचं. एसटीनं निघालात तर उमरग्याला गाडी बदला. 30 सप्टेंबरला, म्हणजे 1993 च्या भूकंपाच्या स्मृतिदिनी, पुष्पचक्र, पोलिसांची मानवंदना, पुढारी, सगळं असतं. माझं ऐकाल तर एखाद्या साध्या दिवशी जा.

मदतीचं म्हणाल तर माझा अनुभव जरा कडू आहे. 1993 साली मी नववीत होतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून गुलालासकट अंथरुणावर पडलेलो. पहाटे 3.56 ला मांडणीवरची भांडी खणखणली आणि आईनं दंडाला धरून बाहेर ओढलं. सोलापुरात तेवढ्यावर निभावलं. तिकडं लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं बसली, जवळपास 10 हजार माणसं गेली. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं ओझं. झोपेतल्या माणसानं पळायचं तरी कसं?

आमच्या पेठेतल्या कारखानदारांनी कोऱ्या चादरी दिल्या. आम्ही पोरांनी घरोघर फिरून जुने कपडे जमवले आणि मोठ्या रुबाबात टेम्पोत बसलो. तिथं पोचलो तर आमच्याआधी आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडलेले. हुक तुटलेले ब्लाऊज, लहान पोरांचे स्वेटर, एक तर चक्क शेरवानी. चादरी हातोहात गेल्या. आमच्या गाठोड्यांच्या गाठीसुद्धा कुणी सोडल्या नाहीत.

तेव्हा खरं काम वेगळंच चाललं होतं. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली 1200 मुलं शिकवायला पुण्याला नेली. ते मला फार नंतर कळलं.

म्हणून गाडी भरून काही नेऊ नका. स्तंभापाशी थांबा, मग भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात येऊन चहा घ्या. भूकंपाचं आपण होऊन विचारू नका. सोलापूरहून आलोय म्हटलं की पन्नाशीच्या पुढचा माणूस बऱ्याचदा स्वतःच सुरू करतो. द्यायचंच असेल तर तिथल्या एखाद्या शाळेत हेडमास्तरांना भेटून काय लागतं ते आधी विचारा. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हाही न विचारताच पुस्तकांचा खोका नेला होता. त्यांना पाण्याची टाकी हवी होती.