पेरूला जाताय? आधी उंचीचं गणित जमवा

बारा दिवसांत लिमा, कुस्को, माचू पिचू हे इंका लोकांचं प्राचीन शहर, शिवाय ब्राझीलमधलं रिओ आणि इग्वासू धबधबा हा तुमचा बेत ऐकला. माझं ऐकाल तर रिओ आणि इग्वासू पुढच्या खेपेला ठेवा, नाहीतर निम्मी सुट्टी विमानतळांवरच जाईल.

खरा प्रश्न उंचीचा आहे. लिमा समुद्रकाठी, तर कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर. विमानाने सव्वा तासात तिथे पोचता, पण शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. मी पहिल्याच संध्याकाळी कुस्कोतल्या सान ब्लास भागातल्या दगडी पायऱ्या चढायला गेलो आणि विसाव्या पायरीवर धाप लागून भिंतीला टेकलो. रात्रभर डोकं ठणकत होतं. म्हणून उतरल्या उतरल्या खाली सेक्रेड व्हॅलीत ओयान्तायताम्बोला मुक्काम करा. माचू पिचूची रेल्वेही तिथूनच मिळते. माचू पिचू तर त्याहून खाली, २,४३० मीटरवर आहे, त्यामुळे कुस्को शेवटी बघा. गरम पाण्यात कोकाची पानं तरंगणारा चहा सगळीकडे मिळतो, जरूर प्या. पण ती पानं भारतात आणू नका.

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. माचू पिचूच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ असते, आधीच काढा.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. परतताना भारतात पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचा दाखला, मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

आई शाकाहारी आहेत ना? स्पॅनिशमध्ये नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटलं तर सूपमध्ये कोंबडी येऊ शकते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (कोंबडी नको, मासे नकोत) हेही सांगा. किनोआचं सूप त्यांना नक्की आवडेल.