वाचकांचे प्रश्न : फिल्ड कॉइल स्पीकरची घूं

प्रश्न : 1930 च्या दशकातला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. सप्लायचे दोन्ही इलेक्ट्रोलिटिक कन्डेन्सर नवे टाकले. फाटलेला कोनही (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) व्हॉइस कॉइलसकट (त्याला चिकटलेली, आवाजाचा करंट वाहणारी छोटी कॉइल) बदलून घेतला. आता व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकर घुमतो, तेही आधीपेक्षा जास्त. आणखी मोठे कन्डेन्सर टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. घूं कुठल्या वाटेनं येतेय ते आधी ठरवा.

या स्पीकरमध्ये कायमचुंबक नसतो. लोखंडी भांड्यात बसवलेल्या हजारो वेढ्यांच्या कॉइलमधून, म्हणजे फिल्ड कॉइलमधून, डीसी गेला की चुंबक तयार होतो. त्या काळच्या बहुतेक रेडिओंत हीच कॉइल सप्लायचा चोकही (डीसीतले चढउतार अडवणारी कॉइल) असते, म्हणजे एचटीचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उंच डीसी दाबाचा) करंट तिच्यातून जातो आणि त्यासोबत थोडा 100 हर्ट्झचा रिपलही, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार. फिल्ड कॉइल आणि व्हॉइस कॉइल एकाच लोखंडावर असल्याने त्यांचा आपसूक ट्रान्स्फॉर्मर बनतो. रिपल व्हॉइस कॉइलमध्ये उतरतो, आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या सेकंडरीतून (स्पीकरकडच्या वाइंडिंगमधून) सर्किट पुरं होतं आणि कोन हलतो. अॅम्प्लिफायर कितीही शांत असला तरी ही घूं राहते.

तपासणी अशी करा. प्लग काढा, कन्डेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने खात्री करून घ्या. इथे 300 व्होल्टच्या वर दाब असतो. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या सेकंडरीवरून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवा. सेकंडरीवर 4 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर लावा, लोडशिवाय ट्रान्स्फॉर्मर चालवू नका. सोडवलेल्या दोन वायरी एकमेकींना जोडा. ही जोडणी महत्त्वाची, कारण त्या मोकळ्या ठेवल्या तर कुठलीच घूं ऐकू येणार नाही आणि फसगत होईल. फिल्डच्या वायरींना हात लावू नका. आता रेडिओ चालू करा. स्पीकर अजून घुमत असेल तर दोष फिल्डच्या वाटेचा. गप्प झाला तर अॅम्प्लिफायरचा.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय हम-बकिंग (घूं मारणाऱ्या) कॉइलवर आहे. फिल्ड कॉइलच्या पुढच्या तोंडाशी जाड इनॅमल तारेचे थोडे वेढे दिसतील, मीटरवर 1 ओहमच्याही खाली. ते व्हॉइस कॉइलशी सिरीजमध्ये, पण उलट्या फेजने जोडलेले असतात. दोन्हींमध्ये सारखाच रिपल उतरतो आणि एकमेकांना मारतो. नवी व्हॉइस कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेली असेल, किंवा टॅगवर दोन टोकांची अदलाबदल झाली असेल, तर रिपलची वजाबाकी व्हायच्या जागी बेरीज होते. फक्त हम-बकिंग कॉइलची दोन टोकं एकमेकांच्या जागी सोल्डरचा डाग देऊन बघा. फरक लगेच कानाला कळतो. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरकडच्या वायरी अदलून काही होत नाही, कारण दोन्ही कॉइल त्याच एका फेऱ्यात आहेत. काही स्पीकरमध्ये ही कॉइल नसतेच; तिथे मध्याच्या खांबावर तांब्याची कडी घालून काम भागवलेलं असतं.

दुसरी चूक कन्डेन्सर बदलताना होते. पुष्कळ सेटमध्ये फिल्ड कॉइल निगेटिव्ह बाजूला, एचटी वाइंडिंगचा सेंटर टॅप (मधून काढलेली वायर) आणि चॅसिस (रेडिओचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये असते. तिच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजमधून आउटपुट व्हॉल्व्हला बायस (त्याच्या ग्रिडला लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज) मिळतो. अशा वेळी पहिल्या कन्डेन्सरची निगेटिव्ह सेंटर टॅपला जायला हवी, चॅसिसला नव्हे. चॅसिसवर डाग दिलात तर चार्जिंगचे सगळे झटके फिल्डमधून जातात आणि स्पीकर गरजतो. खूण जुन्या डब्याखाली सापडते : अॅल्युमिनियमचा डबा आणि चॅसिस यांच्यामध्ये तपकिरी फायबरचा वायसर असेल, तर ती निगेटिव्ह चॅसिसपासून वेगळी होती.

कन्डेन्सरच्या आकाराबद्दल : पहिला मूळच्या जवळच ठेवा, 8 मायक्रोफॅरडच्या जागी 10. तिथे 100 टाकला तर चार्जिंगच्या झटक्यांनी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह लवकर मरतो. फिल्डनंतरचा दुसरा 22 ते 47 पर्यंत वाढवायला हरकत नाही. मात्र तो अॅम्प्लिफायरची घूं कमी करतो. फिल्डमधला रिपल पहिल्या कन्डेन्सरवर ठरतो. घूं फारच खोल, 50 हर्ट्झची वाटली तर रेक्टिफायरची एक प्लेट किंवा एचटीचं अर्धं वाइंडिंग बंद नाही ना, ते पाहा.

प्रश्न : थिएटरचा जुना स्पीकर आहे. फिल्ड 1000 ओहम, 100 व्होल्ट. त्याला वेगळा सप्लाय बनवायचा आहे.

उत्तर : करंट 100 मिलिअँपिअर, म्हणजे 10 वॅट. 230 व्होल्टवरून 100 व्होल्ट देणारा 25 व्हीएचा ट्रान्स्फॉर्मर, प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) 250 मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो (उशिरा उडणारा) फ्यूज, 1एन4007 चे चार डायोड. त्यानंतर 220 मायक्रोफॅरड, 250 व्होल्टचा कन्डेन्सर, मग 300 ओहम, 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि पुन्हा तसाच कन्डेन्सर. पहिल्या कन्डेन्सरवर साधारण 4.5 व्होल्ट रिपल असतो, दुसऱ्यावर तो 0.1 व्होल्टच्या आसपास येतो. पुढे फिल्डचा स्वतःचा इंडक्टन्स आहेच. प्रत्येक कन्डेन्सरवर 47 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे स्पीकर काढलेला असला तरी चार्ज साचून राहणार नाही.

डीसीच्या बाजूला स्विच अजिबात लावू नका. चालू फिल्ड तोडली की तिच्यातली ऊर्जा शेकडो व्होल्टचा फटका देते आणि आतलं इन्सुलेशन फाटतं. स्विच फक्त प्रायमरीला, आणि फिल्डच्या टोकांवर उलटा जोडलेला एक 1एन4007, कॅथोड पॉझिटिव्हकडे.

कॉइल तापल्यावर करंट घटला तर घाबरू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, त्यामुळे 40 अंशांनी तापलेली कॉइल 1000 ची 1150 च्या वर जाते. व्होल्टेज थंड कॉइलवर नव्हे, अर्धा-पाऊण तास चालवल्यावर मोजा.

वेस्टर्न इलेक्ट्रिक 555 सारख्या ड्रायव्हरचं (थिएटरच्या हॉर्नमागच्या युनिटचं) गणित वेगळं : 7 व्होल्ट, 1.5 अँपिअर. तिथे रेझिस्टर-कन्डेन्सरचा फिल्टर परवडत नाही. 12 व्होल्ट, 3 ते 4 अँपिअरचा ट्रान्स्फॉर्मर, ब्रिज, 10,000 मायक्रोफॅरड आणि मग एलएम338 ही रेग्युलेटर आयसी करंट सोर्स म्हणून, म्हणजे ठरावीक करंट देण्यासाठी. आउटपुट आणि अॅडजस्ट पिनमध्ये 0.83 ओहम, 5 वॅट. मोठा हीट सिंक लागेल, कारण त्या आयसीत सुमारे 10 वॅट जळतात.

प्रश्न : फिल्ड कॉइल ओपन झाली आहे. कायमचुंबकाचा स्पीकर लावू का?

उत्तर : आधी कॉइलची बाहेर येणारी टोकं पाहा. वेष्टणाचा कागद हलकेच उचला. पुष्कळदा जोडाशी हिरवा गंज चढून तार तिथेच तुटलेली असते आणि एका डागाने जीव येतो. ते जमलं नाही तरच बदला, पण नुसता स्पीकर लावून भागत नाही. फिल्ड 1500 ओहमची आणि करंट 60 मिलिअँपिअर असेल, तर तिच्यावर 90 व्होल्ट पडत होते. तिच्या जागी 10 हेन्री, 300 ओहमचा चोक आणि सिरीजमध्ये 1200 ओहम, 15 वॅटचा वायरवाउंड लावा. नुसता रेझिस्टर लावलात तर व्होल्टेज बरोबर येईल, पण चोक गेल्याने घूं वाढेल. हा रेझिस्टर सव्वाचार वॅट उष्णता सोडतो. तो मेण भरलेल्या कागदी कन्डेन्सरांपासून लांब, चॅसिसच्या वर मोकळ्या हवेत बसवा.