वाचकांचे प्रश्न : दिव्यांगांचा व्यायाम आणि पीएचडी

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. एम.पी.एड.ला ५८ टक्के आहेत. मला ४५ टक्के अस्थिव्यंगत्व आहे. ‘अ‍ॅडॅप्टेड फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ (दिव्यांगांना जमेल असा बदललेला व्यायाम व खेळ) या विषयात नोकरी सांभाळून पीएचडी करता येईल का? (सातारा जिल्हा)

उत्तर : येईल. पण या नावाच्या वेगळ्या विभागाची वाट पाहत बसू नका. आपल्याकडे ही पीएचडी बहुधा शारीरिक शिक्षण विषयातच नोंदवली जाते, ‘अ‍ॅडॅप्टेड’ हा शब्द शीर्षकात येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. दिव्यांग आणि आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट आहे. अर्धवेळ पीएचडीला याच नियमांत मुभा आहे, फक्त नोकरी करता त्या संस्थेचे ना-हरकत पत्र आधी मिळवा. ते अर्जानंतर मागायला गेलात तर मुलाखतीची तारीख निघून जाते.

जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरले जातात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसेल तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे. मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षे; पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना, तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना वाढीव २ वर्षे मिळू शकतात, मात्र एकूण १० वर्षांच्या पुढे नाही. तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळीच नोंदवून ठेवा.

मार्गदर्शक निवडताना एक बघा : प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ च विद्यार्थी असू शकतात. आधी जागा विचारा, मग विषय. सहमार्गदर्शक फिजिओथेरपीतला किंवा विशेष शिक्षणातला मिळाला तर उत्तमच.

प्रश्न : माझा विषय ‘दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शारीरिक क्षमतेवर १२ आठवड्यांच्या योग-कार्यक्रमाचा परिणाम’ असा ठरतो आहे. जवळ मूकबधिर, अंध आणि मतिमंद मुलांच्या तीन शाळा आहेत. प्रत्येकी २० असे ६० विद्यार्थी घ्यावेत असा सल्ला मिळाला आहे. पुरेसे आहेत का? (लातूर)

उत्तर : आकड्याआधी शीर्षकच अडचणीचे आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. ‘दिव्यांग विद्यार्थी’ असा एक गट शरीरशास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. कर्णबधिर मुलांपैकी अनेकांचा तोल आतल्या कानातील बिघाडामुळे कच्चा असतो, पण त्यांचे हृदय-फुप्फुस इतरांसारखेच काम करते. अंध मुलाला धावायची ताकद असते, पण मोकळ्या जागेत वेग टाकायची धास्ती असते. सोबत दोरी धरून धावणारा जोडीदार दिला की तोच मुलगा वेगळा आकडा देतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ‘जितके जमेल तितके जोरात’ ही सूचनाच पोहोचत नाही, त्यामुळे सहा मिनिटांच्या चालण्यात तो मधेच थांबून झाडाकडे बघतो आणि तुमच्या तक्त्यात क्षमता कमी दिसते. या तिघांची सरासरी काढली तर हाती येणारा आकडा कोणाचाच नसतो.

एकच गट घ्या. समजा बौद्धिक दिव्यांगत्व घेतले. आता हिशेब करा : प्रायोगिक (योग करणारा) आणि नियंत्रित (योग न करणारा, तुलनेसाठीचा) असे दोन गट, ०.०५ पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के), ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता). परिणाम मध्यम (०.५) अपेक्षित असेल तर प्रत्येक गटात ६४ मुले लागतात, मोठा (०.८) असेल तर २६. सुगी, लग्नसराई, आजारपण धरून २० टक्के गळती मोजा, म्हणजे २६ चे ३३ होतात. दोन्ही गट मिळून ६६ मुले एका शाळेत मिळणार नाहीत. म्हणून बरेच जण प्रायोगिक गट एका शाळेत आणि नियंत्रित गट दुसऱ्या शाळेत ठेवतात, आणि इथेच प्रबंध फसतो : फरक योगाचा की तिथल्या शिक्षकाचा, हे मग कोणी सांगू शकत नाही.

मुले थोडी असतील तर एकल-विषय रचना (एकेका मुलाची स्वतःशीच तुलना) वापरा, त्यात कमीपणा नाही. किमान तीन मुले घ्या. प्रत्येकाची हस्तक्षेपाआधी निदान ५ मोजमापे करा आणि कार्यक्रम प्रत्येकाला वेगवेगळ्या आठवड्यात सुरू करा. ज्याचा कार्यक्रम सुरू झाला त्याचीच रेषा वर गेली आणि इतरांची होती तिथेच राहिली, तर तो पुरावा ६० जणांच्या कच्च्या टी-टेस्टपेक्षा (दोन सरासरींच्या तुलनेपेक्षा) भक्कम असतो.

चाचणीचे वयही तपासा. टीजीएमडी-३ ही धावणे, उडी, फेकणे अशा मूलभूत हालचालींची कौशल्य-चाचणी ३ ते १० वर्षे ११ महिने या वयोगटासाठी आहे. १५ वर्षांच्या मुलावर ती वापरली तर कच्चे गुण मांडता येतात, मानकांच्या तक्त्यातून ‘वय-समकक्ष’ काढता येत नाही. १० ते १७ वयासाठी ब्रॉकपोर्ट हा दिव्यांग मुलांच्या तंदुरुस्तीचा चाचणीसंच आहे. टीजीएमडीत एक प्रात्यक्षिक, एक सराव आणि मग दोन गुणांकित प्रयत्न असतात. तो सरावाचा प्रयत्न गाळू नका : कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेला चेंडू आडव्या बॅटने मारणे हे क्रिकेटच्या सरळ बॅटवर वाढलेल्या मुलाला नवखे असते. स्वमग्न मुलांसाठी चित्रकार्डे ठेवा, तोंडी सूचनेपेक्षा ती अधिक उपयोगी पडतात.

आणि पूर्वचाचणीआधी दोन-तीन दिवस चाचणीची ओळख करून द्या. तसे न केल्यास १२ आठवड्यांनी दिसणारी सुधारणा बरीचशी चाचणी कळल्याचीच असते. व्हिडिओ चित्रण करा, आणि आधीची-नंतरची फीत ओळखू न शकणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडूनही गुण द्या.

शीर्षकात ‘मतिमंद’ नको. कायद्याचा शब्द ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ आहे.

प्रश्न : मुख्याध्यापकांचे पत्र आणि पालकांची सही एवढे पुरते ना? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता हवी. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली संमती आणि दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी लागते. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थेचे असावे लागतात. हे कलम बऱ्याच प्रस्तावांत नसतेच. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत प्रबंधाला जोडा.

१८ वर्षांखालील मुलांची पालकांबरोबर स्वतःचीही होकारार्थी संमती घ्या : ७ ते १२ वयात तोंडी, पुढे लेखी. १८ पूर्ण झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी आईवडिलांची सही आपोआप कायदेशीर ठरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालील स्थानिक समितीने दिलेले पालकत्वाचे पत्र आहे का, ते बघा. कार्यक्रमाचा परिणाम तपासणारी चाचणी असेल तर सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधीच करा. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

प्रश्न : मज्जारज्जूला इजा झालेल्या व्हीलचेअर खेळाडूंवर काम करायचे आहे. व्यायामाची तीव्रता नाडीवरून ठरवू का? (पुणे)

उत्तर : इजा मानेच्या भागात असेल तर मुळीच नको. हृदयाला वेग देणाऱ्या नसांचा संबंध तुटल्यामुळे कमाल नाडी साधारण १०० ते १३० वरच अडते. कमाल नाडीचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र तिथे खोटे पडते. बोर्गची ६ ते २० ची श्रमपट्टी (किती श्रम वाटतात ते खेळाडूने स्वतः सांगायचे) वापरा. व्यायामाचे प्रमाण : तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा मध्यम ते जोरकस असा २० मिनिटांचा दमश्वास (एरोबिक) व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, प्रत्येक मोठ्या स्नायूगटाला तीन फेऱ्या.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांबाबत ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (रक्तदाब अचानक वाढण्याचा धोका) लक्षात ठेवा. भरलेले मूत्राशय, मुडपलेला कॅथेटर, आवळलेला पट्टा किंवा जखम यांमुळे रक्तदाब एकदम २० ते ४० ने चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो. यांचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० असल्याने १३० हा आकडाही धोक्याचा असू शकतो, म्हणून विश्रांतीचा दाब प्रत्येक सत्राआधी लिहून ठेवा. लक्षणे दिसताच ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, कॅथेटर तपासा. दाब उतरला नाही तर दवाखान्यात न्या. सत्राआधी मूत्राशय रिकामे करण्याचा नियम आराखड्यातच घाला. इजेखाली घाम येत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये सत्र सकाळी आठच्या आत संपवा आणि पाणी फवारायची बाटली हाताशी ठेवा.