सुई बदललीस, पण सिरिंज?

प्रिय मुली,

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस, "औषध तेच, पेशंट दोन. सुई नवी लावली तर सिरिंज तीच ठेवायला काय हरकत?" राउंडची वेळ झाली होती, म्हणून "अजिबात नाही" एवढंच बोलून मी फोन ठेवला. पण वॉर्ड भरलेला असताना नुसतं "नाही" लक्षात राहत नाही, म्हणून कारणासकट लिहिते.

घरी एक करून बघ. कोऱ्या सिरिंजमध्ये निळी शाई ओढ आणि दट्ट्या पार तळापर्यंत दाबून ती सगळी बाहेर काढ. सिरिंज रिकामी दिसेल. आता सुई काढ आणि सिरिंजचं टोक उजेडात धर. त्या चिंचोळ्या तोंडात शाईचा बारीक धागा अडकलेला असतो. नवी सुई लाव, साधं पाणी ओढ आणि पांढऱ्या कागदावर सोड. पाण्याला निळी झाक येते. शाई होती म्हणून तुला ती दिसली. रक्त इतकं पातळ झालं की डोळ्यांना दिसतच नाही. शिवाय सिरिंजवरून सुई उपसून काढताना सुईतला द्रव थोडा सिरिंजकडे ओढला जातो. "रक्त मागे आलंच नव्हतं" हे सिरिंज परत वापरण्यावरचं आमच्या वेळचं लाडकं उत्तर. मीही ते दिलेलं आहे.

सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसून परत वापरणारेही मी पाहिलेत. बोळा फिरतो बाहेरून, रक्त बसतं आतल्या पोकळीत.

तुमच्या बॅचला एचआयव्हीची धास्ती सर्वांत जास्त आहे, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. आकडे वेगळं सांगतात. बाधित रक्ताची सुई एकदा टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराची शंभरात दोन किंवा त्याहून कमी. आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात 6 ते 30, ज्याचं रक्त त्याच्यात विषाणू किती आहे त्यावर. हा बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो. सीचा तर प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. त्यामुळे "कालची आहे, वाळून गेली असेल" याला काही अर्थ नाही.

इजिप्तचं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. तिथे 1950 च्या दशकापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंत शिस्टोसोमियासिस या कृमींच्या आजारावर सरकारने शिरेतून इंजेक्शनं देण्याची मोठी मोहीम चालवली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि कृमींचा त्रास कमीही झाला. पण त्याच सुयांमधून हिपॅटायटिस सी गावोगाव पोचला. तो विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये, म्हणजे मोहीम संपल्यावर! आपण काय पसरवतोय हे देणाऱ्यांना कळायचा मार्गच नव्हता. आपल्याला तेवढीही सबब नाही, आणि तरीही 2010 या एका वर्षात असुरक्षित इंजेक्शनांमुळे 17 लाखांपर्यंत लोकांना हिपॅटायटिस बी झाला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

इन्सुलिन पेनचंही तेच. सुई बदलली तरी पेन दुसऱ्या पेशंटला नाही, कारण रक्ताचा अंश आतल्या काडतुसात जाऊ शकतो. पेनवर नाव चिकटव. मात्र एखादा मधुमेही स्वतःचीच सुई तीन-चार वेळा वापरत असेल तर त्याच्यावर तोच आवाज चढवू नकोस. तिथे धोका वेगळा आहे: टोक बोथट होतं, वाकतं, जास्त दुखतं, कातडीखाली गाठी होतात आणि त्या गाठींत टोचलं की इन्सुलिन धड शोषलं जात नाही. त्याला गाठ बोटाने चाचपून दाखव, पटकन पटतं.

कधीतरी नशेची सुई घेणारा मुलगा येईल, दंडावर किंवा मांडीत गळू घेऊन. "सुई कोणाची वापरली नाहीस ना?" असं विचारलंस तर तो नाहीच म्हणेल, आणि कदाचित ते खरंही असेल. चमचा, पाणी, गाळायचा कापूस कोणाबरोबर वाटून घेतोस का, हे विचार. हिपॅटायटिस सी त्यातूनही जातो. गळवाबरोबर ताप असेल तर डॉक्टरांना लगेच सांग. जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांवर जाऊन बसू शकतात. उपदेश करत बसू नकोस. हिपॅटायटिस सीवर लस नसली तरी आता गोळ्यांनी तो बहुतेकांचा 8 ते 12 आठवड्यांत बरा होतो, एवढं त्याच्या कानावर घाल. पुन्हा येण्यासाठी त्याला काहीतरी कारण हवं ना!

आता माझं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळी संपताना, मी सुईवर टोपण परत बसवत होते. टोपण हुकलं आणि सुई ग्लोव्हमधून डाव्या अंगठ्यात गेली. मी अंगठा जोरजोरात पिळला, जे करायचं नसतं, आणि कोणाला न सांगता घरी गेले. लाज वाटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रनना सांगितलं तेव्हा बरेच तास वाया गेले होते. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करायची असतात आणि 28 दिवस घ्यायची असतात. माझे रिपोर्ट चांगले आले, पण ते येईपर्यंतचे दिवस मला अजून आठवतात. तुला टोचलं तर साबण-पाण्याने धू आणि तशीच जाऊन इन्चार्जला सांग, कितीही रागावल्या तरी. टोपण परत लावायचंच नाही. सुई सिरिंजसकट थेट वापरलेल्या सुयांच्या डब्यात. डबा पाऊण भरला की बदल, वरून दाबून जागा करू नकोस.

तुझा हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस राहिलाय असं तुझी आई म्हणत होती. या आठवड्यात घे आणि महिना-दोन महिन्यांनी, लस लागू पडली का ते कळायला, अँटिबॉडीची तपासणी करून आकडा मला कळव.

तुझी,
मावशी