खतातलं नत्र जातं कुठे?

प्रश्न : हवेत ७८ टक्के नत्र असतंच. मग खतातल्या नत्राने निसर्गाचं काय बिघडतं?

उत्तर : हवेतल्या नत्राच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध पिकांना तोडता येत नाही. ते काम काही जिवाणू आणि थोड्या प्रमाणात आकाशातली वीज करते. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे हेबर-बॉश पद्धतीचा, म्हणजे हवेतल्या नत्रापासून खतासाठी अमोनिया बनवण्याचा, कारखाना सुरू झाला. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमान, प्रचंड दाब आणि लोहाचा उत्प्रेरक वापरून माणूस तो बंध तोडू लागला. या शोधाने कोट्यवधी लोकांना अन्न दिलं, हे विसरून चालणार नाही. अडचण उरलेल्या नत्राची आहे. घातलेल्या नत्रापैकी जेमतेम निम्मं पिकाला मिळतं. काही अमोनिया होऊन उडतं, तर काही नायट्रेट या पाण्यात विरघळणाऱ्या रूपात पाण्याबरोबर नदीत आणि पुढे समुद्रात जातं. तिथे शेवाळ माजतं, मरतं, आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली तो गेला, की मासे पळतात. शिंपले मात्र तिथेच गुदमरतात. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात हेच घडतं.

प्रश्न : गळती कशी थांबवावी?

उत्तर : पूर्ण थांबत नाही, कमी नक्की होते. युरियात ४६ टक्के नत्र असतं. तो एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या, मातीआड करा. ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर अमोनिया उडतो. मुसळधार पावसाआधी दिला तर वाहून जातो. माती परीक्षण मात्र आधी हवंच.